वीतभर वाळू

बाई रोज सकाळी समुद्राची चव घ्यायच्या. उठल्या उठल्या, मशेरी लावायच्याही आधी, करंगळी माशांच्या टँकमध्ये बुडवून जिभेच्या टोकाला लावायच्या आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. "तोंड धुतलं की जीभ खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. पाणी जास्त खारट लागलं, तर आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं नळाचं पाणी तांब्याने, काचेच्या काठाकाठाने, आवाज न करता आत सोडायच्या. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, त्यामुळे राहिलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं, हे मला त्यांनी समजावून सांगितलं. गाड्या बंद पडल्या म्हणून मी डोंबिवलीला परत जाऊ शकले नव्हते आणि त्यांच्याकडे मुक्कामाला राहिलेले, त्या सकाळी.

जाग आल्यावर मी पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. चेंदणी कोळीवाड्यातलं बैठं घर, अर्धवट उजेड, भिंतीवर हलणारी हिरवट पाण्याची जाळी, आणि त्या जाळीत नऊवारी नेसलेली एक उंच बाई, करंगळी जिभेवर ठेवून उभी. मला वाटलं मी झोपेतच आहे.

ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक बोर्डावर नवीन लागले, तेव्हा त्या आमच्या सुपरवायझर होत्या. एसटीडी अजून सगळीकडे पोचली नव्हती. नाशिक, नगर, धुळे, जे गाव मागाल ते आम्ही कॉर्डने जोडून द्यायचो. ऑफिसात त्या पाचवारी नेसायच्या, मोठं कुंकू लावायच्या, आणि त्यांचा आवाज असा होता की लाइनवर खरखर असली तरी त्यांचं बोलणं तेवढं स्वच्छ पोचायचं. कॉल लागत नाही म्हणून शिव्या देणारा कुणी लाइनवर आला की आम्ही तो त्यांच्याकडे द्यायचो. त्या त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या. मग अगदी हळू आवाजात म्हणायच्या, "झालं? आता नंबर सांगा." बोर्डावर दोघींचं भांडण झालं तरी त्या मध्ये पडत नसत. "बसू दे," एवढंच म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, भांडणाऱ्या मुलींना बसायला सांगतायत. पुढे कळलं की त्या गाळाबद्दल बोलत असायच्या. ढवळलेला गाळ खाली बसू दे, मग बघू.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. घरात त्या आणि त्यांचे वडील. वडिलांना सगळा कोळीवाडा बाबा म्हणायचा.

डब्यात रोज मासा. बोंबील, मांदेली, कधी सुकटीची चटणी. ज्यांना वासाचा त्रास व्हायचा त्या खिडकीजवळ जाऊन बसायच्या. एकदा कुणीतरी विचारलंच, "बाई, तुम्ही मासे पाळता आणि मासेच खाता?"

"खाते म्हणून तर पाळते," बाई म्हणाल्या. "ज्याने कधी खाल्ला नाही त्याला माशातलं काय कळणार?" आणि काटा काढून डब्याच्या झाकणावर ठेवला.

त्यांचे सुरुवातीचे सगळे टँक मेले होते. मासे मेले असं त्या म्हणत नसत, टँक मेला म्हणत. स्टेशनजवळच्या एका शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने त्यांना शिकवलं होतं की तळाला जाडे खडे घालायचे आणि ते दर महिन्याला काढून धुवायचे. त्यांनी धुतले. नखं पांढरी होईपर्यंत धुतले. पाणी आरशासारखं दिसायचं आणि मासे एकेक करून आडवे व्हायचे. गोड्या पाण्यातले मासे पाळा, असं दुकानदाराने सांगितलं. त्यावर बाई त्याला म्हणाल्या म्हणे, "गोडं पाणी आम्ही पितो."

मग एक दिवस ओहोटीच्या वेळी त्या धक्क्यावर उभ्या होत्या. समोर खाडीचा चिखल उघडा पडलेला. त्यांना वाटलं, ही खाडी कुणी धुवत नाही. लहानपणी अख्ख्या गावाचं सगळं यातच जायचं, तरी चिखलावर निवट्या उड्या मारायच्या, चिंबोऱ्या पळायच्या, भरतीला बोयींचे थवे यायचे. त्या खाली उतरल्या आणि पायाच्या अंगठ्याने चिखल उकरून बघितला. वर पिवळसर, खाली करडा, त्याखाली काळाकुट्ट आणि सडक्या अंड्यासारखा वास.

"तेव्हा मला कळलं," बाई सांगायच्या. "खाडीची मोरी कोण घासतं गं? कोणी नाही. तीच स्वतःला घासते."

घरी येऊन त्यांनी खडे फेकून दिले आणि टँकमध्ये उत्तनच्या किनाऱ्यावरची बारीक वाळू घातली. नुसती पसरली नाही, वीतभर उंच भरली. चार फूट लांबीचा टँक, त्यात वीतभर वाळूच. येणारे जाणारे हसायचे की बाईंनी माशांसाठी जागाच ठेवली नाही. त्या वाळूला त्या कधी धुवत नसत, उकरत नसत, तिच्यात बोट घालत नसत. कुणाला घालू देत नसत. वाळूत बारीक किडे होते, केसाएवढ्या अळ्या होत्या, तांदळाएवढ्या गोगलगाई होत्या, शंखात घर केलेले खेकडे होते. काचेला नाक लावून बघितलं की वाळूच्या आत त्यांच्या वाटा दिसायच्या, मुंग्यांच्या वारुळासारख्या.

"वरचे जे आहेत ते माशांचं उष्टं खातात," बाई मला सांगायच्या. "त्यांचं उष्टं त्यांच्या खालचे. आणि अगदी तळाला असे काही आहेत की त्यांना वारा लागला तर ते मरतात. ते शेवटचं विष खातात आणि त्याचा बुडबुडा करून वर सोडतात. तो बुडबुडा बघ, बघ."

खरंच काळ्या थरातून एक मोत्याएवढा बुडबुडा सुटायचा, वाळूतून वाट काढत वर यायचा आणि पाण्यावर येऊन फुटायचा. आम्ही दोघी तो बघत बसायचो. असे कितीतरी दुपारचे तास मी तिथे घालवले. बाहेर कोळणी भांडत असायच्या, रेतीच्या होड्या धक्क्याला लागत असायच्या, आणि आत मी एका बुडबुड्याची वाट बघत बसलेली असायचे. वेळ जायचा की थांबायचा, सांगता येत नाही.

बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की याला शास्त्र आहे, वाळूच्या तळाशी हवा न लागणारे जिवाणू असतात आणि ते पाण्यातली घाण वायू करून सोडून देतात, आणि परदेशातही लोक अशीच खोल वाळू भरून टँक ठेवू लागले होते. आणि हेही वाचलं की ती खालची काळी वाळू कधी ढवळू नये. तिच्यात कोंडलेला विषारी वायू सुटला तर टँक काही तासांत संपतो. हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, फक्त त्यांच्या शब्दांत. "खालचं खाली राहू दे. ते वर आलं की सगळ्यांना घेऊन जातं."

म्हणून त्यांच्या घरात काही नियम होते. पुढच्या खोलीत खलबत्ता कुटायचा नाही, वाळू हादरते. डासांची अगरबत्ती लावायची नाही. पाहुण्यांनी टँकच्या बाजूला धप्प करून बसायचं नाही. स्वतः बाई उजव्या हाताला साबण लावत नसत, कारण उजवा हात टँकचा. भांडी डाव्या हाताने घासायच्या. माशांना खायला घातल्यावर सुकटीची चिमूटभर पूड वाळूवर वेगळी सोडायच्या. "मासे काय, मागून खातात. वाळूला मागता येत नाही."

महिन्या-दोन महिन्यांनी त्या उत्तनला जायच्या. उत्तनच्या मासळीवाल्या बायकांचा टेम्पो ठाण्याच्या बाजारात माल टाकून रिकामा परत निघायचा, त्यात कॅन घेऊन बसायच्या. रात्री तिथेच एका मैत्रिणीकडे राहायचं आणि पहाटेच्या टेम्पोतून, मासळीच्या पाट्यांबरोबर, समुद्राचं पाणी घेऊन परत यायचं. एकदा मीही गेले. घोडबंदर रोडला तेव्हा एवढ्या इमारती नव्हत्या. माजिवडा सुटलं की दोन्ही बाजूंना झाडीच झाडी, मध्येच एखादं पाड्याचं घर, ताडगोळे विकायला बसलेली एखादी म्हातारी. टेम्पोच्या हौद्यात ओल्या पाट्यांवर आम्ही बसलेलो, अंगाला मासळीचा वास, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मधूनमधून चमकणारी खाडी. एका वळणावर बाई म्हणाल्या, "बाबा वल्हवत इथपर्यंत यायचा. मला घेऊन. मी होडीत झोपायचे. उठले की समुद्र असायचा."

उत्तनला त्यांनी पाणी भरलंच, शिवाय ओहोटीच्या रेषेवरची ओंजळभर ओली वाळू डब्यात घेतली. ती दर वेळी घ्यायच्या. घरच्या वाळूतले किडे कमी होत जातात, त्यांच्यात नवी वस्ती सोडावी लागते. "नाहीतर गाव म्हातारं होतं," त्या म्हणाल्या.

अशाच एका फेरीत त्यांनी खडकातल्या डबक्यातून बोटाएवढी बोय आणली होती, पदराने धरून. बोय म्हणजे आपल्या खाडीची मासळी, चंदेरी, लांबट, तोंडात वाळू घेऊन चाळणारी. टँकमध्ये ती वरची चिमूटभर वाळू तोंडात घ्यायची, काय हवं ते खायची आणि बाकीची कल्ल्यांतून धुरासारखी सोडायची. "माझे कामगार खाते मेली," बाई कुरकुरायच्या, पण तिला काढायच्या नाहीत. बाकीच्या बारक्या माशांना त्या नुसतं मासे म्हणायच्या. हिला बोय म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. बोटाएवढी होती ती हळूहळू हाताएवढी झाली. संध्याकाळी बाई कामावरून आल्या की ती काचेच्या त्या कोपऱ्यात यायची, जिथून दार दिसतं.

बाबांना हा सगळा प्रकार आवडत नव्हता. "काचंतली खारी," असं ते म्हणायचे, खारी म्हणजे खाडी, आणि टँककडे पाठ करून बसायचे. त्यांनी उभा जन्म खाडीत काढला होता. मग कारखाने आले, पाण्याला रंग आला. बोय कापली की रॉकेलचा वास यायचा. बाजारात बायका विचारायला लागल्या, "खाडीची तर नाही ना?" आणि पाटी न बघता पुढे जायला लागल्या. इतरांनी होड्या रेती काढायला लावल्या. बाबांनी लावली नाही. जाळं धुऊन, वाळवून आढ्याला टांगलं आणि घरी बसले. मुलीच्या पगारावर घर चालत होतं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

त्यांचं विसरणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. आधी माणसांची नावं गेली, मग बायको वारलेली आहे हे गेलं. मुलीचं नावही कधीकधी जायचं, तेव्हा ते तिला नुसतं बाय म्हणायचे. भरती-ओहोटीच्या वेळा मात्र गेल्या नाहीत. घरात बसून, घड्याळ न बघता, "पानी भरलं," म्हणायचे आणि पाणी भरलेलं असायचं. पाटी घेऊन धक्क्यावर जायचे. तिथे कुणीतरी ओळखीचं असायचंच, ते त्यांना हाताला धरून घरी आणून सोडायचं. बाई कामावर निघाल्या की शेजारणीला सांगून जायच्या.

आणि त्याच दिवसांत ते टँकसमोर बसायला लागले. पाठ करून नाही, तोंड करून. बाई ऑफिसात हे सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळायचा. "काल मला म्हणाला, पानी निवाललं बग. इतकी वर्षं बघत नव्हता गं. आता दिवसभर बघतो." पाणी निवळलं याचा त्यांना आनंद. बाबांना कुठलं पाणी निवळलेलं दिसत होतं, हा विचार आम्हा दोघींच्याही डोक्यात आला नाही.

तो दिवस हिवाळ्यातला होता. आमची पहिली पाळी संपली, आणि बाई म्हणाल्या, "चल घरी, गोगलगाईने काचेवर अंडी घातलीयत, दाखवते." आम्ही चालत निघालो. दुपारचं ऊनही सौम्य होतं, दारादारांत सुकट वाळत होती. शेजारीण अंगणात तांदूळ निवडत बसली होती. "बाबा आत हायेत, आवाज नाय, झोपले असतील," ती म्हणाली.

दार ढकललं तर वास आला. ओहोटीच्या चिखलाचा वास, पण बंद खोलीत कोंडलेला, डोळ्यांना झोंबणारा. टँकचं पाणी शाईसारखं गढूळ झालं होतं. वाळूचे थर राहिले नव्हते, एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला काच दिसेपर्यंत खड्डा. जमिनीवर पाणी. बारके मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंडं काढून हवा घेत होते.

आणि बाबा दारासमोर उभे. धोतर भिजलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. हातात पाटी, पाटीत बोय.

मी काहीतरी बोलायला गेले. बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांनी टँककडे पाहिलंच नाही, हे मला नीट आठवतं. त्या बाबांच्या हातांकडे बघत होत्या.

"बाय, खारीन बोय आयली," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "परत आयली. काठालाच व्हती, चिखलान घुसलेली. हातान धरली बग."

बाई म्हणाल्या, "मोठी हाय, बाबा."

"वास घे. रॉकेल नाय."

बाईंनी पाटी हातात घेतली, वाकल्या आणि बोयीचा वास घेतला. "नाय," त्या म्हणाल्या. "साफ हाय."

बोय जिवंत होती. कल्ला उघडत होता, मिटत होता. मागच्या पडवीत निळा ड्रम होता, त्यात उत्तनहून आणलेलं ताजं पाणी, गेल्याच आठवड्यातलं. मला तो ड्रम दिसत होता. बाईंनाही दिसत होता. त्या पाटी घेऊन पडवीत गेल्या, मी त्यांच्या मागोमाग गेले आणि कुजबुजले, "बाई, ड्रममध्ये टाका. वाचेल अजून."

त्या ड्रमपाशी थांबल्या. झाकणावर हातही ठेवला. बाबा मागून येऊन पडवीच्या उंबऱ्यात बसले होते, काळे हात गुडघ्यांवर ठेवून, आणि बाजारातून आलेल्या नवऱ्याने बायकोकडे बघावं तसे लेकीकडे बघत होते, आता ही काय करते म्हणून. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी मान वळवली.

"कालवण कर," ते म्हणाले. "कोकम जास्ती घाल. तुझी आय घालायची तसा."

बाईंनी झाकणावरचा हात काढला. मला म्हणाल्या, "तू पुढे जा. पातेली घे मांडणीवरची, या ड्रमातलं पाणी घे, आणि टँकमधलं जे हलताना दिसेल ते यात टाक. हात लवकर चालव." आवाज बोर्डावरचाच. मग त्यांनी विळी घेतली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मी पुढच्या खोलीत गेले. टँकमध्ये हात घालायची मला कधी परवानगी नव्हती. आता दोन्ही हात घातले. गाळ रेशमासारखा मऊ आणि गार होता. काही दिसत नव्हतं. मी चाचपत होते, हाताला शंख लागला की काढत होते, पातेल्यात सोडत होते. एक बारका मासा ओंजळीत आला, दुसरा आला तो हातातच मेला. मागून विळीचा आवाज येत होता, खवले निघण्याचा, बारीक, एकसारखा. मध्ये एकदा तो थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

आम्ही तिघं जेवलो. बाबांचे हात बाईंनी स्वतः धुतले, मोरीत बसवून, साबण लावून, दोन्ही हातांनी. बाबा जेवताना बोलत होते. कुठल्या खाचेत बोय लागते, कुठल्या वाऱ्याला, कुणी कधी किती काढली. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी डोकं बाबांना वाढलं, मधली तुकडी मला, शेपटीकडची स्वतःला घेतली. मी तुकडी ताटाच्या कडेला सरकवली. बाईंनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि हळू म्हणाल्या, "टाकू नको." मी खाल्लं. त्यांनीही खाल्लं, काटा न काटा चोखून, रोज डबा खायच्या तसं. कालवण चांगलं झालं होतं. हे लिहायला नको वाटतं, पण झालं होतं.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "उद्या भरती सकालची हाय. उठव मना."

"उठवीन," बाई म्हणाल्या.

टँकचं काय झालं ते सांगते. पातेल्यांत वाचले ते शंखातले खेकडे, गोगलगाई आणि एक बारका मासा. काळी वाळू बाईंनी घमेल्याने धक्क्यावर नेऊन खाडीत सोडली. शेजारच्या मुलांनी मदत करू का विचारलं तर नको म्हणाल्या. काच तीनदा धुतली आणि पुन्हा उत्तनची वाळू भरली, पुन्हा वीतभर. पण मासा लगेच घातला नाही. वाळू, खेकडे, गोगलगाई आणि पाणी, एवढंच कितीतरी महिने. तो बारका मासा ड्रममध्येच राहिला. वाळू जिवंत झाल्याशिवाय वर कुणाला ठेवायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं. पुढे एसटीडी आली, बोर्ड बंद झाला, आमच्या बदल्या झाल्या. त्यांना कल्याणला घातलं, मला दुसरीकडे. त्या निवृत्त झाल्या तोवर त्यांच्या टँकमध्ये नवे मासे होते असं ऐकलं. बोय पुन्हा आणली नाही म्हणे.

कोळीवाड्यात बोयीची गोष्ट पसरली. बाबाच सांगत फिरले. कुणी त्यांना खोटं पाडलं नाही. म्हातारे मान हलवायचे, एकदोघे म्हणाले, आम्हीपण ऐकलंय, वरच्या अंगाला लागली. त्यांच्यातल्या एकाने नंतर जुनी छोटी होडी पुन्हा डांबर लावून पाण्यात उतरवली आणि बाईंना सांगितलं, लागेल तेव्हा न्या.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या नाहीत. मला वाटलं टँकपायी. आजारी पडल्या असतील, रडल्या असतील, इतक्या वर्षांचं एका दुपारी गेलं. त्यानंतरच्या दिवशी आल्या त्या नाका-गालांवर ऊन लागून काळवंडलेल्या, तळहातांना फोड आलेले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. लाइन मोकळी होती.

"कुठे होतात?" मी विचारलं.

"खाडीत. उठव म्हणाला होता ना. शेजाऱ्याची होडी मागून घेतली." त्यांनी फोडांवर फुंकर घातली. "वल्हं हातात धरून किती वर्षं झाली. त्याला जमेना, मग मीच मारलं. ठाण्याच्या पुलाखालून पार पुढे गेलो. धुकं होतं. काही दिसत नव्हतं दोन्ही बाजूंचं."

"आणि?"

"जाळं टाकलं त्याने. त्याच्या हातांना सगळं आठवतंय गं. असं फेकलं, गोल उघडलं."

"मिळालं काही?"

"एक स्लीपर मिळाली. आणि प्लास्टिक." बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज हलका होता. "मला वाटलं आता विचारेल, मासा कुठे आहे म्हणून. काय सांगायचं ते मी ठरवत होते. त्याने जाळं झटकलं, घडी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बाय, उशीर झाला आपल्याला. परवा लवकर निघू."

बोर्डावर दिवा लागला. बाईंनी कॉर्ड उचलली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," त्या म्हणाल्या, "उद्याची रजा टाकली," आणि कॉर्ड लावून, लाइनवरच्या माणसाला, हळू आवाजात, "बोला."